लंग ब्लॉकच्या जिन्यावर

1900 सालच्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कमध्ये एक प्रदर्शन भरलं. जागा फिफ्थ ॲव्हेन्यूवरची, म्हणजे धनिकांच्या वस्तीतली, आणि मांडलेली होती गरिबांची घरं. लॉरेन्स व्हीलर या तरुण कार्यकर्त्यानं लोअर ईस्ट साइडमधल्या एका अख्ख्या ब्लॉकची पुठ्ठ्याची प्रतिकृती करवून घेतली होती. क्रिस्टी, फोर्साइथ, कॅनॉल आणि बेयर्ड या चार रस्त्यांमधला हा तुकडा. त्यात 39 इमारती, 605 बिऱ्हाडं आणि 2,781 माणसं. खोल्या 1,588, त्यांतल्या 441 खोल्यांना बाहेरची हवा लागतच नव्हती. संडास 264. गरम पाणी फक्त 40 बिऱ्हाडांना. पाच वर्षांत 660 कुटुंबांनी धर्मादाय संस्थांपुढे हात पसरले होते आणि क्षयाचे 32 रुग्ण आरोग्य खात्यात नोंदले गेले होते.

प्रतिकृतीच्या जोडीला नकाशे होते. काही नकाशांत मदत मागणाऱ्या दर पाच कुटुंबांमागे एक काळा ठिपका होता. दुसऱ्या नकाशांत क्षयाचा प्रत्येक नोंदलेला रुग्ण म्हणजे एक ठिपका, आणि तो त्या रुग्णाच्या इमारतीवरच उमटवलेला. शेजारीशेजारी लावलेले ते नकाशे पाहताना गरिबी कुठली आणि क्षय कुठला, हे वेगळं करणं कठीण जात होतं.

पण असा नकाशा काढायचा तर आधी नोंद हवी. कोण खोकतंय, कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर, हे कुणीतरी विचारून लिहून ठेवलेलं हवं. त्या काळात जगातल्या फार थोड्या शहरांकडे अशी वही होती. न्यूयॉर्ककडे ती होती, आणि ती कशी आली, तिच्यातल्या नावांचं पुढे काय झालं, हे आपल्या मुंबई-पुण्यातल्या वाचकानं आज जाणून घ्यावं असं मला फार वाटतं. कारण त्या वेळी क्षयावर औषध नव्हतं. एक गोळीसुद्धा नव्हती. तरीही त्या शहरानं रोगाचा माग काढला आणि रुग्णाच्या दारापर्यंत माणसं पाठवली. त्यातलं काय उपयोगी पडलं आणि काय नाही, याचा हिशेब अजून पुरता झालेला नाही.

रॉबर्ट कॉखनं 24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू दाखवून दिला. पुढच्याच वर्षी, जून 1883 मध्ये, आनंदीबाई जोशी न्यूयॉर्क बंदरात उतरल्या. फिलाडेल्फियात शिकून 1886 साली त्या डॉक्टर झाल्या आणि वर्षभराच्या आत, 26 फेब्रुवारी 1887 रोजी, पुण्यात क्षयानं गेल्या. वय अवघं एकवीस. त्यांच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सी गावात, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत विसावल्या आहेत. रोगाचं कारण जगाला ठाऊक झालं होतं, खुद्द रुग्ण वैद्यकशास्त्र शिकलेली होती, तरी हाताशी उपाय काहीच नव्हता. त्या दशकात श्रीमंतांनाही डॉक्टर डोंगरावर जा, समुद्रावर जा, एवढंच सांगत होते. एडवर्ड ट्रुडो या डॉक्टरनं, स्वतः क्षयरोगी असताना, ॲडिरोंडॅकच्या डोंगरात सारानॅक लेकला आरोग्यधाम काढलं ते याच काळात. आपल्याकडे पुढे पाचगणी आणि मिरजेची वानलेसवाडी याच वाटेनं गेली.

न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्यात हर्मन बिग्ज नावाचे एक डॉक्टर होते. कॉखचं म्हणणं खरं असेल तर क्षय रक्तातून, घराण्यातून येत नाही. तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो, आणि जे जातं ते अडवता येतं. 1889 साली बिग्ज यांनी दोन सहकाऱ्यांसह शहराच्या आरोग्य मंडळापुढे नेमकं हेच लिहून दिलं. मंडळानं शहरातल्या मान्यवर डॉक्टरांचं मत मागवलं. बहुतेकांनी नापसंती दाखवली. मग बिग्ज यांनी घाई केली नाही. आधी पत्रकं वाटली, तीही त्या वस्तीत बोलल्या जाणाऱ्या वेगवेगळ्या भाषांत. 1892 मध्ये युरोपातून कॉलरा येणार म्हणून शहर हादरलं, त्या भीतीच्या लाटेत त्यांनी महापालिकेची जंतुशास्त्राची प्रयोगशाळा उभी करून घेतली. कॉलरा ओसरला, प्रयोगशाळा राहिली.

या प्रयोगशाळेचा उपयोग त्यांनी ज्या प्रकारे केला, त्याला मी कारागिरी म्हणेन. डॉक्टर मंडळी सरकारी खात्याला रुग्णाचं नाव सांगायला तयार नव्हती. मग खात्यानं त्यांना फुकट काहीतरी देऊ केलं. गल्लोगल्लीच्या औषधांच्या दुकानांत तोंडाशी रुंद अशा छोट्या बाटल्या ठेवल्या गेल्या. डॉक्टरनं बाटली न्यायची, रुग्णाचा बेडका त्यात घ्यायचा, सोबतच्या कागदावर नाव, वय, पत्ता, धंदा लिहायचा आणि बाटली पुन्हा दुकानात ठेवायची. खात्याचा माणूस ती उचलून नेई. प्रयोगशाळेत तो बेडका काचेवर पसरून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहत आणि निकाल डॉक्टरकडे धाडत. डॉक्टरला निदानाची खात्री मिळाली, ज्यासाठी त्याच्याकडे ना साधन होतं ना वेळ. खात्याला कागदावरचा पत्ता मिळाला.

1893-94 पासून दवाखाने आणि धर्मादाय संस्थांना रुग्ण कळवणं बंधनकारक झालं, खाजगी डॉक्टरांना विनंती होती. 1897 साली ती विनंती सक्ती झाली. डॉक्टरांच्या संघटना खवळल्या. रुग्ण आणि डॉक्टर यांच्यामध्ये सरकार कशाला, हा त्यांचा सवाल होता. खात्याचे अधिकार काढून घेण्यासाठी राज्याच्या विधिमंडळापर्यंत खटपटी झाल्या. त्यांच्या तक्रारीत तथ्य अजिबात नव्हतं असं म्हणता येणार नाही. क्षयाचा शिक्का बसला की नोकरी जाई, घरमालक बिऱ्हाड खाली करायला सांगे, आणि मृत्यूच्या दाखल्यावर क्षय लिहिला गेला तर विम्याचे पैसे बुडायची भीती असे. म्हणून कित्येक डॉक्टर दाखल्यावर न्यूमोनिया किंवा ब्राँकायटिस लिहून घरच्यांची सोय पाहत.

1897 हे साल मराठी वाचकाला वेगळ्या कारणासाठी पाठ आहे. त्याच वर्षी पुण्यात प्लेगचा माग काढायला सरकारनं दारात पाठवले ते गोरे सोजीर. घरात शिरणं, बायाबापड्यांची झडती, संशयिताला उचलून इस्पितळात आणि बाकीच्यांना छावणीत नेणं, सामान रस्त्यावर काढून जाळणं. 22 जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली, त्यामागे हे दार ठोठावणं होतं. न्यूयॉर्कचं खातंही सत्ता गाजवत नव्हतं असं नाही. पण तिथे पहिल्यांदा दारात गेलं ते पत्रक, मग बाटली, आणि पुढे नर्स. रोग हुडकणं दोन्हीकडे होतं. दारात कोण येतं आणि हातात काय घेऊन येतं, यानं सगळा फरक पडतो.

मात्र न्यूयॉर्कच्या व्यवस्थेत पहिल्यापासून एक पक्षपात होता. खाजगी डॉक्टरच्या रुग्णाचं नाव वहीत यायचं, पण डॉक्टरची इच्छा नसेल तर त्याच्या घरी खात्याचा माणूस पाऊल टाकत नसे. म्हणजे फिफ्थ ॲव्हेन्यूवरचा क्षयरोगी कागदावरच राहायचा, आणि चेरी स्ट्रीटसारख्या गरीब वस्तीतल्याच्या घरी निरीक्षक थेट पलंगापर्यंत पोचायचा. बिग्ज यांनी हा सौदा डॉक्टरांना शांत करण्यासाठी केला होता. तो केला नसता तर कदाचित वहीच बंद पडली असती. तरी तो सौदा होता, आणि त्याची किंमत गरिबांनी मोजली.

चेरी स्ट्रीट, कॅथरिन स्ट्रीट, हॅमिल्टन स्ट्रीट आणि मार्केट स्ट्रीट यांच्यामधल्या तुकड्याला लोक लंग ब्लॉक म्हणू लागले. फुफ्फुसांचा ब्लॉक. 1902-03 च्या सुमारास अर्नेस्ट पूल हा शिकागोच्या सुखवस्तू घरातला, प्रिन्स्टनमध्ये शिकलेला बाविशीतला मुलगा जवळच्या युनिव्हर्सिटी सेटलमेंट या समाजसेवा केंद्रात राहायला आला होता. (कादंबरीसाठीचं पहिलं पुलित्झर पुढे 1918 साली यालाच मिळालं.) शहरातल्या मोठ्या धर्मादाय संघटनेनं क्षयप्रतिबंधासाठी समिती नेमली होती, तिच्यासाठी त्यानं हा ब्लॉक पिंजून काढला. जिने चढला, दारं ठोठावली, औषधवाल्यांशी, डॉक्टरांशी, जुन्या भाडेकरूंशी बोलला. त्याची पुस्तिका 1903 साली निघाली.

चार हजारांच्या आसपास माणसं त्या एका ब्लॉकमध्ये राहत होती. आयरिश, इटालियन, ज्यू आणि इतर अनेक देशांतून आलेली. नऊ वर्षांत तिथून क्षयाचे 265 रुग्ण नोंदले गेले होते, आणि जाणकारांशी बोलून पूलचं मत बनलं की खरा आकडा याच्या दुपटीला भिडेल. यात एक इमारत 'इंक पॉट' म्हणून ओळखली जाई, म्हणजे शाईची दौत. आतला काळोखच तसा होता. तिथल्या एका खोलीचा इतिहास पूलनं मांडला: एक बिऱ्हाड क्षयानं उठलं, दुसरं आलं, त्यालाही तोच रोग, मग तिसरं. येणाऱ्याला आधीच्याचं काय झालं हे कुणी सांगत नव्हतं. भाडं मात्र सगळ्यांनी भरलं. मृत्यूच्या दारातल्या एका ज्यू तरुणानं हवेसाठी केलेला आकांतही त्यानं लिहून ठेवला, आणि वृत्तपत्रांनी तो उचलून धरला.

इमारती अशा का होत्या, तर त्या तशाच बांधायला कायद्यानं मुभा होती. पंचवीस फूट रुंद आणि शंभर फूट लांब अशा जमिनीच्या पट्टीवर पाच-सहा मजले चढवायचे, मजल्यावर चार बिऱ्हाडं, चौदा खोल्या. 1879 च्या कायद्यानं आतल्या खोल्यांना हवा मिळावी म्हणून दोन इमारतींच्या मधे अरुंद पोकळी सोडायला सांगितलं. त्या पोकळीत हवेऐवजी कचरा, सांडपाण्याची घाण आणि खालच्यांचा आवाज चढे. पुढेमागे खिडकी असलेली खोली भाडेकऱ्याच्या कामाची. तिथे शिवणयंत्र, कापडाचे गठ्ठे. झोपायचं मधल्या आंधळ्या खोलीत. घरातच कपडे शिवून देण्याचं काम चाले, आणि खोकणारा शिंपी, त्याची बायको, मुलं आणि एखादा भाडोत्री पाहुणा अशी सगळी एका श्वासात जगत. ज्या रोगाचे जंतू बंद हवेत तासन्‌तास तरंगत राहतात आणि सूर्यप्रकाशात मरतात, त्याला याहून सोयीचं घर कुठलं?

1901 च्या भाडेघर कायद्यानं नव्या इमारतींत प्रत्येक खोलीला बाहेर उघडणारी खिडकी सक्तीची केली. जुन्या इमारती पाडणं शक्य नव्हतं, म्हणून आतल्या खोल्यांच्या भिंतींना भोकं पाडून खिडक्या बसवायला लावल्या. ऑर्चर्ड स्ट्रीटवर 97 नंबरच्या इमारतीत आता संग्रहालय आहे. तिथे स्वयंपाकघर आणि बैठकीच्या खोलीमधल्या भिंतीत अशी चौकटीची, काचेची खिडकी अजून आहे. दिवाणखान्यातून दिसतं ते आकाश नाही, पलीकडची चूल दिसते. त्यांना क्षयाच्या खिडक्या म्हणतात. इतक्या मोठ्या कायद्याचा इतका लहानसा अंमल, पण बाहेरच्या खोलीतला उजेड एका भिंतीपलीकडे तरी पोचला.

आता नर्सकडे येऊ. मला या सगळ्या कथेतलं सर्वांत मोलाचं काम हे वाटतं.

लिलियन वॉल्डनं 1893 पासून लोअर ईस्ट साइडमध्ये घरोघर जाणाऱ्या नर्सेसची व्यवस्था सुरू केली होती. हेन्री स्ट्रीट सेटलमेंट या नावानं ती ओळखली जाते. नव्या शतकाच्या सुरुवातीला शहराच्या खात्यानंही क्षयरुग्णांसाठी नर्सेस नेमल्या. 1904 साली खात्यानं स्वतःचं क्षयाचं क्लिनिक उघडलं. क्लिनिकं वाढली आणि तेव्हा एक अडचण पुढे आली: एकच रुग्ण आज इथे, उद्या तिथे जायचा, आणि तिसऱ्या ठिकाणी त्याला कुणीच ओळखायचं नाही. म्हणून 1908 साली क्लिनिकांनी संघ केला आणि शहराचे विभाग वाटून घेतले. अमुक रस्त्यापासून तमुक रस्त्यापर्यंतचा रुग्ण अमुक क्लिनिकचा. घर बदललं तर कागद नव्या विभागाकडे जायचा आणि नवी नर्स दार शोधत यायची. घरमालक बदलून, नाव बदलून, काम बदलून जगणाऱ्या वस्तीत हे किती कठीण असेल याची कल्पना झोपडपट्टीत काम केलेल्या कुठल्याही आरोग्यसेविकेला येईल.

नर्स जिना चढून जाई तेव्हा तिच्याजवळ औषध नसे. ती काय करी? रुग्ण कुठे झोपतो ते बघे आणि शक्य असेल तर त्याचा पलंग खिडकीपाशी ओढून घेई. थुंकायला कागदी वाटी देई आणि ती जाळायला शिकवी. भांडी वेगळी, उशी वेगळी. मुलांना क्लिनिकवर आणायला सांगे, कारण वहीत एका नावाशेजारी बहुतेकदा आणखी दोन नावं दडलेली असत. दूध आणि अंड्यांची चिठ्ठी लिहून देई. घरात कमावणारा आडवा झालेला असेल तर धर्मादाय संस्थेकडे भाड्यासाठी शब्द टाकी. आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा येई.

बाहेरची हवा मिळवण्यासाठी लोकांनी काय काय युक्त्या केल्या! न्यूयॉर्कचे क्षयतज्ज्ञ डॉ. नॉफ यांनी खिडकीला लावायचा एक तंबू तयार केला होता. कापडाची ओढणी खिडकीच्या चौकटीपासून पलंगावर उतरे. रुग्णाचं डोकं तंबूत, थंड हवेत, आणि धड खोलीच्या उबेत. बाकीच्या घराला थंडी लागत नसे. ज्यांना गच्ची होती ते गच्चीवर झोपत. 1908 साली बेलव्ह्यू रुग्णालयानं 'साउथफिल्ड' नावाची जुनी फेरीबोट ईस्ट नदीच्या धक्क्याला बांधून तिचं दिवसभराचं शिबिर केलं. रुग्ण सकाळी यायचे, डेकवर आरामखुर्चीत पांघरुणं घेऊन पडायचे, पोटभर जेवायचे, संध्याकाळी घरी जायचे. क्षयाची बाधा झालेल्या मुलांसाठी त्याच बोटीवर शाळा भरू लागली. मुलं हिवाळ्यात कोट-टोप्या घालून उघड्यावर पाढे म्हणत.

1908 च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात क्षयाचं प्रदर्शन भरलं, तेव्हा सुमारे साडेसात लाख माणसं ते पाहून गेली. याच सुमारास अमेरिकेत क्षयरुग्णांच्या मदतीसाठी नाताळची तिकिटं विकायला सुरुवात झाली होती. कल्पना डेन्मार्कची, तिची ओळख अमेरिकेला करून दिली ती झोपडपट्ट्यांची छायाचित्रं काढणाऱ्या जेकब रीस यांनी. आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेत असताना टीबीची तिकिटं विकली किंवा विकत घेतली आहेत. त्या तिकिटांचं मूळ तिथे आहे.

आणि एक घर. अप्पर ईस्ट साइडला, नदीजवळ, 77 व्या आणि 78 व्या रस्त्यांच्या दरम्यान 1912 साली क्षयरोगी कुटुंबांसाठी इमारती पुऱ्या झाल्या. पैसा श्रीमती व्हँडरबिल्ट यांचा, आग्रह डॉ. हेन्री शाइव्हली यांचा, आराखडा हेन्री ॲटरबरी स्मिथ यांचा. जिने बंदिस्त नाहीत, चौकाच्या कोपऱ्यांत उघडे ठेवलेले. खिडक्या जमिनीपासून वरपर्यंत, तीन झडपांच्या. प्रत्येक बिऱ्हाडाला लोखंडी सज्जा. गच्चीवर बसायची सोय. चढताना दम लागणाऱ्यासाठी जिन्यात बसायला जागा. रुग्णाला कुटुंबापासून न तोडता त्याचं घरच इस्पितळ करायचं, असा हा विचार होता. हे घर अजून उभं आहे, पण आता तिथे राहायचं तर खिसा चांगलाच गरम लागतो.

या सगळ्याची दुसरी बाजू ईस्ट नदीत होती. नॉर्थ ब्रदर बेटावर रिव्हरसाइड हॉस्पिटल होतं. टायफॉइडची वाहक म्हणून मेरी मॅलनला आयुष्याची कित्येक वर्षं जिथे कोंडून ठेवलं ते हेच. शतकाच्या पहिल्या वर्षांतच खात्यानं तिथे क्षयाच्या रुग्णांनाही नेऊन ठेवायला सुरुवात केली. जो सांगितलेलं ऐकत नाही, कुठेही थुंकतो, ज्याला घर नाही, जो दारू पितो, तो बेटावर. बिग्ज यांनी याचं उघड समर्थन केलं. मला ते पटत नाही. बेटावर गेलेल्यांत श्रीमंत माणूस सहसा नसे, कारण श्रीमंताच्या घरी निरीक्षक सहसा जातच नव्हता. निष्काळजी कोण, हे ठरवणाऱ्याला स्वतःची खोली होती आणि थुंकायला जागा होती. बेटाची भीती गल्लीत पसरली की लोक खोकला लपवत, खोटं नाव सांगत, रातोरात बिऱ्हाड हलवत. म्हणजे नर्सनं महिनोन्‌महिने जमवलेला विश्वास एका बोटीच्या फेरीत वाहून जात असे.

रॉबर्ट कॉखनं 1901 साली लंडनच्या परिषदेत न्यूयॉर्कच्या या व्यवस्थेचा आदर्श म्हणून उल्लेख केला. ती जगभर अनुकरणाचा विषय झाली. न्यूयॉर्कमध्ये क्षयाचे मृत्यू दशकानुदशकं घटत गेले, आणि तेही पहिलं औषध निघण्याच्या कितीतरी आधी. का घटले, यावर इतिहासकार अजून भांडतात. काहींच्या मते मजुरी वाढली, जेवण सुधारलं, घरं मोकळी झाली म्हणून. काहींच्या मते रुग्णांना आरोग्यधामांत वेगळं ठेवल्यानं. मला वाटतं, नर्सनं ओढून खिडकीशी नेलेला पलंग आणि तिनं लिहून दिलेली दुधाची चिठ्ठी या दोन्हींतून आरोग्यसेवा आणि पोटाचा प्रश्न एकाच हातानं हाताळले गेले. त्यांना आता वेगळं करून कुणाला किती श्रेय द्यायचं, हे सोपं नाही.

आणि घट सगळ्यांच्या वाट्याला सारखी आली नाही. काळ्या वस्त्यांत क्षय कितीतरी जास्त राहिला. स्टेटन आयलंडवर 1913 साली शहरानं सी व्ह्यू हे मोठं क्षय रुग्णालय उघडलं होतं. विसाच्या दशकाच्या शेवटी गोऱ्या नर्सेस तिथली नोकरी सोडून जाऊ लागल्या, तेव्हा दक्षिणेकडून काळ्या नर्सेस बोलावल्या गेल्या. ज्या शहरातल्या बहुतेक रुग्णालयांत त्यांना एरवी प्रवेशही नव्हता, त्याच शहरातल्या सर्वांत धोक्याच्या वॉर्डांत त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ काम केलं. 1952 साली आयसोनियाझिडच्या गोळ्यांनी मरणपंथाला लागलेले रुग्ण उठून चालू-नाचू लागले ते याच सी व्ह्यूच्या वॉर्डांत, आणि त्या गोळ्या रुग्णांच्या तोंडात घालणारे, वजनं लिहिणारे हात या नर्सेसचे होते.

लंग ब्लॉक पाडून तिथे बाग करावी अशी पूलच्या पुस्तिकेनंतर मोहीम झाली, ती फसली. ब्लॉक तीस वर्षं तसाच राहिला. 1933-34 मध्ये त्या जागी निकरबॉकर व्हिलेज ही मोठी वसाहत उभी राहिली, हवेशीर, चौकांची. पण जुन्या रहिवाशांतल्या बहुतेकांना तिथलं भाडं झेपणारं नव्हतं. ते आसपासच्या तशाच इमारतींत पांगले.

औषध आल्यावर खरा प्रश्न आपल्या देशानं सोडवला. गोळ्या मिळाल्या तरी भारतातल्या लाखो रुग्णांना आरोग्यधामांत खाटा कुठून आणायच्या? 1956 साली मद्रासमध्ये क्षयाच्या औषधोपचाराचं केंद्र सुरू झालं. तिथल्या गरीब रुग्णांचे दोन गट केले: एक वर्षभर आरोग्यधामात, चांगलं जेवण आणि विश्रांती घेत, दुसरा आपल्याच दाटीच्या घरात, तीच औषधं घेत. 1959 साली निष्कर्ष आले. दोन्ही गट जवळपास सारखेच बरे झाले, आणि घरी राहिलेल्यांच्या कुटुंबांत नव्यानं रोग जास्त पसरला नाही. घरी जाणारी आरोग्यसेविका आणि नियमित गोळ्या पुरेशा आहेत, हे जगाला मद्रासनं दाखवलं. डॉट्स, टीबीचा कोर्स, आपल्या ओळखीचं सगळं त्यातून आलं.

भारतात खाजगी डॉक्टरांनाही क्षयाचा रुग्ण सरकारला कळवणं सक्तीचं झालं ते मे 2012 मध्ये, न्यूयॉर्कनंतर 115 वर्षांनी. निक्षय ही संगणकावरची वही त्याच वर्षी आली. आपल्या डॉक्टरांनीही त्याच शंका काढल्या: रुग्णाची गुप्तता, कामाचा बोजा, आणि नाव कळलं की रुग्ण पळतो. या शंकांना उत्तर एकच आहे, ते म्हणजे नाव कळवल्याबरोबर रुग्णाच्या हाती काहीतरी येणं.

काय यायला हवं, याचे दोन पुरावे आपल्याच देशातले आहेत. गोवंडीच्या लल्लुभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसनाच्या वसाहतींचा अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. 'डॉक्टर्स फॉर यू' ही संस्था आणि आयआयटी मुंबई यांचं ते काम. इमारती एकमेकींना इतक्या खेटून की मधलं अंतर जेमतेम तीन मीटर. खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही, हवा खेळत नाही, आणि टीबीचं प्रमाण भयंकर. ही घरं झोपड्या काढून सरकारी नियमांनी बांधलेली. न्यूयॉर्कच्या 1879 च्या कायद्यानं जी चूक केली, ती आपण सव्वाशे वर्षांनी मंजूर नकाशांवर सही-शिक्क्यानिशी केली.

दुसरा पुरावा झारखंडचा. 2019 ते 2022 या काळात तिथल्या चार जिल्ह्यांत डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या चमूनं टीबीच्या काही रुग्णांच्या घरच्यांना दर महिना माणशी पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ दिली. घरच्या दहा हजारांहून अधिक माणसांवर लक्ष ठेवलं. 'लॅन्सेट'मध्ये 2023 साली निष्कर्ष आले: ज्या घरांत हा शिधा गेला तिथे इतरांना टीबी होण्याचं प्रमाण 39 टक्क्यांनी कमी झालं आणि चाचणीत सिद्ध झालेल्या फुफ्फुसांच्या टीबीचं 48 टक्क्यांनी. दूध-अंड्यांची चिठ्ठी लिहिणारी लोअर ईस्ट साइडची नर्स काय करत होती, त्याचं मोजमाप शंभर वर्षांनी झारखंडच्या खेड्यांत झालं.

आज सरकार निक्षय पोषण योजनेतून रुग्णाच्या खात्यात महिन्याला एक हजार रुपये टाकतं. नोव्हेंबर 2024 पूर्वी ते पाचशे होते. ते रुग्णासाठी. घरच्यांसाठीची शिध्याची पिशवी मात्र 'निक्षय मित्र' म्हणून पुढे आलेल्या देणगीदारांवर सोडलेली आहे. कुठल्या वॉर्डात देणगीदार मिळाला तर पिशवी येते, नाही मिळाला तर येत नाही. झारखंडमध्ये ज्यांचा टीबी टळला ते घरचेच होते. ती पिशवी रेशनच्या दुकानात हक्कानं, निक्षयमधल्या नोंदीच्या आधारावर, सरकारी तिजोरीतून मिळायला हवी, आणि गोवंडीसारख्या प्रत्येक वसाहतीत क्षयाच्या नोंदी तपासल्याखेरीज पुढच्या इमारतीचा नकाशा मंजूर होता कामा नये.